'फक्त २ शिल्लक' लिहिणारी मुलगी

"ताई नमस्कार, मी पुण्यात बीबीएच्या शेवटच्या वर्षाला आहे, मार्केटिंग घेतलंय. घर परभणीकडे, बाबांचं किराणा दुकान आहे, आजोबांच्या वेळेपासूनचं. सध्या एका कंपनीत इंटर्नशिप करतेय, फेसवॉश-सीरम विकणारं अ‍ॅप आहे, महिन्याला आठ हजार देतात. माझं काम नोटिफिकेशन आणि पॉपअपची, म्हणजे स्क्रीनवर मधेच उघडणाऱ्या चौकटींची, वाक्यं लिहायचं. मागच्या महिन्यात मी एक पॉपअप लिहिला, वर 'फक्त २ शिल्लक' आणि खाली दोन बटणं, एक 'हो, हवंय' आणि दुसरं 'नको, मला माझ्या त्वचेची काळजी नाही'. कुठल्या वाक्यावर जास्त क्लिक येतात त्याच्या टेस्टमध्ये माझंच वाक्य जिंकलं, सगळ्यांनी कौतुक केलं, पिझ्झा मागवला. त्याच आठवड्यात आईचा फोन आला, म्हणाली अगं तुझ्या कंपनीचं काहीतरी आलं होतं, नको म्हणायला गेले तर असं काय काय लिहिलेलं की नको म्हणवेचना, घेतलं मग, ६४९ चं. ती हसत होती, मला रात्रभर झोप नाही. कारण दोन शिल्लक वगैरे काही नव्हतं ताई, गोडाऊन भरलंय. आणि कहर म्हणजे मी स्वतः पण तशीच फसते. सगळ्या ट्रिका माहितीयेत तरी हॉस्टेलवर रात्री बारा वाजता ऑर्डर करते, नो कॉस्ट ईएमआयवर १८ हजारांचा फोन घेतलाय, पे लेटरचे साडेचार हजार थकलेत ते घरी माहीत नाही. बाबा म्हणतात आमचीच गिऱ्हाइकं पळवणाऱ्यांकडे कामाला लागलीस. मार्केटिंग म्हणजे शिकूनसवरून केलेली ठगी आहे का? सोडून देऊ का हे सगळं?"

अगं मुली,

तुझं पत्र वाचून आधी मी हसले, मग जरा गप्प बसले, कारण तुझ्या जागी मी पण होते. फरक एवढाच की आमच्याकडे पॉपअप नव्हते. नव्वदच्या दशकात मी मुंबईत मार्केट रिसर्चमध्ये होते, म्हणजे मोठं काही नाही, हातात क्लिपबोर्ड घेऊन लालबाग-परळच्या चाळी चढायच्या आणि बायकांना विचारायचं की कपडे कशाने धुता, पावडर संपली की लगेच आणता की पगाराची वाट बघता. आम्ही लिहून आणायचो, वरचे लोक त्याच्यावरून जाहिरात बनवायचे. सहा महिन्यांनी तीच बाई त्या जाहिरातीला भुलून तीच पावडर घेताना दिसायची आणि मला वाटायचं आपण हिच्या घरात चहा पिऊन हिची चुगली करून आलो. तर तुला झोप नाही आली ना, मला त्याचं बरंच वाटलं. ज्यांना पिझ्झा खाऊन शांत झोप लागली त्यांचं पत्र मला येत नाही.

आता तुझा प्रश्न. ठगी आहे का? नाही. पण तू लिहिलेला तो पॉपअप ठगी होता. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, आणि तुझा सगळा घोटाळा त्या एकत्र केल्यामुळे झालाय असं मला वाटतं.

तुझ्या बाबांच्या दुकानाकडेच बघ ना. ते मार्केटिंग करत नाहीत असं तुला वाटतं का? दिवाळीच्या आधी रवा मैदा बेसन पुढे येतं की नाही, गोळ्या-चॉकलेटच्या बरण्या बरोबर लहान पोराच्या डोळ्यासमोर ठेवतात की नाही, आणि "वहिनी, नवीन तांदूळ आलाय, एकदा नेऊन तर बघा" हे वाक्य काय आहे मग? बोलणाऱ्याची बोरंही खपतात ही म्हण काही बाणेरच्या ऑफिसात तयार झालेली नाही. आणि दुकानदारी म्हणजे सगळं सोवळंच असतं असंही मी म्हणणार नाही. सुट्टे नाहीत म्हणून दोन रुपयाला चॉकलेट हातावर ठेवणं, कोल्ड्रिंकच्या बाटलीवर छापलेल्या किमतीवर 'फ्रीजचे' म्हणून दोन रुपये जास्त लावणं (एमआरपीच्या वर एक रुपयाही घेता येत नाही, फ्रीज त्यांचा असो नाहीतर आणखी कुणाचा), हे काय आहे सांग. तुमचे बाबा करत असतील असं म्हणत नाही, पण आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा एकतरी दुकानदार करतोच. अ‍ॅपवाले म्हणतात तसं बास्केटमध्ये गुपचूप काहीतरी सरकवणं, त्याचा आद्य नमुना म्हणजे ते सुट्ट्यांऐवजीचं चॉकलेट.

पण एक गोष्ट बघ. बाबा समोरच्या बाईला म्हणाले की साखरेच्या दोनच गोण्या उरल्यात आणि मागे तिसरी दिसत असली, तर ती बाई काय करेल? बोट दाखवेल. म्हणेल ही काय मागे आहे की. आणि दुसऱ्या दिवशी अख्ख्या आळीला सांगेल. बाबांना त्या बाईचं तोंड उद्या परत बघायचंय, तिच्या पोराच्या लग्नाला जायचंय, तिची उधारी वहीत लिहिलेली आहे. म्हणून थाप मारली तरी तिला एक हद्द असते. तुझ्या पॉपअपला गोडाऊन दिसत नाही, गिऱ्हाईक दिसत नाही, आणि गिऱ्हाइकाला तू दिसत नाहीस. फक्त आईचा फोन आला म्हणून तुला पहिल्यांदा गिऱ्हाइकाचा आवाज ऐकू आला, नाहीतर ती तुझ्या डॅशबोर्डवर एक टक्क्याचा कुठला तरी दशांश होती.

म्हणून माझी एक साधी कसोटी आहे, कुठल्या कॉलेजात शिकवत नाहीत. जे वाक्य लिहिशील ते बाबांच्या गल्ल्यावर बसून, समोर गिऱ्हाईक उभं आहे असं समजून, तोंडाने मोठ्यांदा म्हणून बघ. "काकू, सीरम नको म्हणताय? म्हणजे तुम्हाला स्वतःच्या त्वचेची काळजी नाही." म्हण ना. म्हणवतंय का? काकू पिशवी उचलून चालू पडतील, जाताना बाबांना दोन शब्द सुनावतील ते वेगळंच. जे चारचौघात तोंडावर म्हणता येत नाही ते स्क्रीनवर लिहायला एवढं सोपं का जातं, हा प्रश्न मला तुझ्या सगळ्या पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा वाटला, जरी तू तो विचारलेला नाहीस.

आमच्या वेळच्या जाहिराती काही फार साध्वी नव्हत्या. पण त्या चव्हाट्यावर होत्या. आता तुला निरमा आणि सर्फची गोष्ट कॉलेजात शिकवतच असतील, अहमदाबादचे करसनभाई पटेल यांनी १९६९ मध्ये घरच्या घरी पिवळी पावडर बनवून सायकलवरून विकायला सुरुवात केली आणि पुढे तिने मोठमोठ्यांना घाम फोडला. मग ऐंशीच्या दशकात सर्फवाल्यांनी दूरदर्शनवर ललिताजी आणली, ती कडक साडीतली, भाजीवाल्याशी घासाघीस करणारी बाई, अ‍ॅलेक पदमसींच्या एजन्सीची जाहिरात. ती काय सांगत होती? स्वस्त घेण्यात आणि चांगलं घेण्यात फरक असतो. हा एक मुद्दा होता. पटो न पटो. माझ्या आईला नाही पटला, आमच्याकडे पिवळी पावडरच राहिली. पण गंमत ही की ती जाहिरात आई बघत होती तेव्हाच शेजारच्या मालतीकाकू पण बघत होत्या, रविवारी सगळी चाळ एकाच टीव्हीसमोर, आणि जाहिरात संपायच्या आत कुणीतरी तिची नक्कल केलेली असायची. एखादी जाहिरात खोटी वाटली की पंधरा माणसं एकत्र हसायची. त्या हसण्यात मोठी ताकद होती गं.

आता तुझी जाहिरात रात्री पावणेबाराला एकट्या मुलीला दिसते, अंधारात, पांघरुणात, तिने काल काय शोधलं होतं ते बघून. शेजारच्या बेडवरच्या मुलीला वेगळंच काहीतरी दिसतंय. हसणार कोण? कुणाबरोबर? म्हणून तुला सगळ्या ट्रिका माहीत असूनही तू फसतेस, त्यात तुझ्या अकलेचा काही दोष नाही, तू मूर्ख नाहीयेस. तिथे अक्कल वापरायला वेळच मिळू नये अशी सगळी रचना असते. दिसतं तसं नसतं म्हणून जग फसतं हे खरं, पण आता दिसतंय तेच प्रत्येकाला वेगवेगळं.

सॅशेचं, म्हणजे त्या एका वापराच्या छोट्या पाकिटांचं पण सांगते, कारण तुम्ही मुलं हल्ली एकदम सगळ्यालाच भांडवलशाहीचं पाप म्हणून मोकळी होता (माझी भाची तशी आहे, तिच्याशी वाद घालून मी दमलेय). तमिळनाडूत कडलूरला चिन्नी कृष्णन म्हणून एक गृहस्थ होते, त्यांच्या डोक्यात आलं की श्रीमंत माणूस बाटलीतून वापरतो ते गरिबाला पण मिळायला हवं, तर ते एका वापरापुरतं पाकिटात भरा. पुढे त्यांचे चिरंजीव सी. के. रंगनाथन यांनी १९८३ मध्ये चिक शाम्पू काढला आणि खेड्यापाड्यांत रुपया-आठ आण्याच्या पाकिटावर शाम्पू पोचला. मी चाळीत फिरायचे तेव्हा एक बाई मला म्हणाली होती की बाटली आणली तर सासू लपवून ठेवते, पाकीट माझं मला आणता येतं. हे काही रिपोर्टात लिहायच्या चौकटीत बसत नव्हतं, पण मला आजही आठवतं. आणि लहान पाकीट म्हणजे महागच असणार असं आपण धरून चालतो ना, शाम्पूच्या बाबतीत आपल्याकडे बरेचदा उलटं असतं, मिलीलिटरमागे पाकीट बाटलीपेक्षा स्वस्त पडतं. दुकानात आहेस तेव्हा भाग करून बघ. म्हणजे बघ, तेही मार्केटिंगच, पण त्याने एका बाईला स्वतःचा शाम्पू मिळाला. त्याच पाकिटांनी आज प्रत्येक नदीनाला आणि गटार तुंबलंय, ती थराथराची प्लॅस्टिकं भंगारवालाही घेत नाही, हेही तितकंच खरं. एकाच गोष्टीच्या पोटात दोन्ही असतं, त्यामुळे 'मार्केटिंग वाईट' असा शिक्का मारून मोकळं होता येत नाही. काय विकलं, कसं विकलं, मागे काय उरलं, हे प्रत्येक वेळी नव्याने बघावं लागतं. कंटाळवाणं आहे, पण तसंच आहे.

बरं, तुझ्या पॉपअपचं. तुला कदाचित कुणी सांगितलं नसेल, पण तू लिहिलेलं फक्त 'जरा अति' नव्हतं, ते नियमाबाहेरचं आहे. हॅरी ब्रिग्नल नावाच्या एका ब्रिटिश डिझायनरने २०१० मध्ये अशा फसव्या रचनांना डार्क पॅटर्न हे नाव दिलं, आणि आपल्याकडे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला त्याच्यावर मार्गदर्शक तत्त्वंच काढली, एकूण १३ प्रकार त्यात दिलेत. पहिलाच प्रकार खोटी घाई, म्हणजे असलेल्यापेक्षा माल कमी आहे असं भासवणं. ते तुझं 'फक्त २ शिल्लक'. आणि नको म्हणणाऱ्याला लाज वाटायला लावणं हाही त्यात वेगळा प्रकार आहे, त्याचं उदाहरण पण दिलंय, विमानाचं तिकीट काढताना विमा नको असेल तर 'मी असुरक्षित राहीन' असं बटण दाबायला लावणं. तुझी त्वचेची काळजी आणि ते, सख्ख्या बहिणी. एका पॉपअपमध्ये तू १३ पैकी दोन बसवलेस, कौतुक म्हणावं का काय म्हणावं. जून २०२५ मध्ये तर त्याच प्राधिकरणाने ऑनलाइन विक्री करणाऱ्यांना सांगितलं की तीन महिन्यांत स्वतःचं स्वतः ऑडिट करून असले प्रकार शोधा आणि काढा.

हे तुला घाबरवायला सांगत नाहीये, हत्यार म्हणून सांगतेय. इंटर्नने ऑफिसात जाऊन नीतिमत्तेवर भाषण दिलं तर लोक मान हलवतात आणि पुढच्या मीटिंगला बोलवत नाहीत, मला अनुभव आहे. तू भाषण देऊ नकोस. तू सिनियरला म्हण, सर मी वाचत होते, हा पॉपअप त्या १३ मध्ये येतोय, आपल्याला नोटीस आली तर? हे वाक्य कुठल्याही ऑफिसात चालतं. आणि त्याच्याबरोबर दुसरं एक काम कर, ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. तुझं वाक्य 'जिंकलं' म्हणजे कशात जिंकलं? क्लिकमध्ये. आता त्या क्लिकवाल्यांचं पुढे काय झालं तो डेटा माग. किती जणांनी परत पाठवलं, किती कॅश ऑन डिलिव्हरीवाल्यांनी दारातूनच नको म्हटलं, म्हणजे तुमच्या भाषेतलं आरटीओ (गाडीवाल्यांचं नव्हे, पार्सल माघारी येण्याचं), किती जणांनी पुढच्या महिन्यात अ‍ॅपच उडवून टाकलं, आणि किती जणांनी दुसऱ्यांदा विकत घेतलं. लाज वाटली म्हणून घेतलेली वस्तू माणूस दुसऱ्यांदा घेतो का, हे तुला आकड्यात दिसेल. माघारी आलेल्या पार्सलचा जाण्यायेण्याचा खर्च कंपनीच भरते, आणि ती रक्कम बघितली की भल्याभल्यांना नीतिमत्ता आठवते. नाही आठवली तरी तू विचारलंस हे लोकांच्या लक्षात राहतं, चांगल्या अर्थाने. आणि समजा त्यांनी सरळ सांगितलं की हे असंच चालतं, लिहायचं तर लिही, तर इंटर्नशिप पुरी करून सर्टिफिकेट घेऊन बाहेर पड. मार्केटिंग सोडू नकोस, ते ऑफिस सोड. पुढच्या मुलाखतीत शेवटी ते विचारतात ना काही प्रश्न आहेत का, तेव्हा विचार की तुमच्या टीमला बोनस कशावर मिळतो, पहिल्या विक्रीवर की परत येणाऱ्या गिऱ्हाइकावर. उत्तरावरून सगळं कळतं.

आता तुझी स्वतःची खरेदी. इथे मी जरा रागावणार आहे.

नो कॉस्ट ईएमआय. मार्केटिंगची विद्यार्थिनी तू आणि तुला वाटलं बँक सहा महिने फुकट पैसे देते? २०१३ मध्येच रिझर्व्ह बँकेने बँकांना ठणकावलं होतं की शून्य टक्के व्याज असा काही प्रकार नसतो. होतं काय की व्याजाएवढी सूट विकणारा आधी देतो, आणि मग तेच व्याज बँक तुझ्याकडून हप्त्यात घेते, कागदावर वजाबाकी होते. पण क्रेडिट कार्डावर घेतलं असेल तर व्याजावरचा १८ टक्के जीएसटी तुझ्याच डोक्यावर. तुझा १८ हजारांचा फोन घे, सहा हप्ते तीन-तीन हजारांचे, वर्षाला १५ टक्के दर धरला तर त्यात व्याज होतं साधारण ७६२ रुपये, त्याच्यावर जीएसटी १३७, आणि प्रोसेसिंग फी १९९ असली तर तिच्यावरही जीएसटी, मिळून २३५. म्हणजे 'नो कॉस्ट'ची कॉस्ट झाली पावणेचारशेच्या आसपास, आणि रोखीने घेतला असता तर काही सूट मिळाली असती का हे तू विचारलंच नसशील. रक्कम मोठी नाही, मान्य. पण शून्य म्हणून ३७२ घेणाऱ्याला बाबांच्या दुकानात काय म्हटलं असतं लोकांनी? तिथे तर भिंतीवर पाटी असते, आज रोख उद्या उधार. ती पाटी लहानपणापासून वाचत मोठी झालीस आणि पुण्यात येऊन 'आज उधार'वर सही केलीस.

पे लेटरचं मात्र हसण्यावारी नेऊ नकोस. ते उधारीचं खातं नाही, ते कर्ज आहे, आणि बहुतेक ठिकाणी ते थकलं की सिबिलमध्ये, म्हणजे कोण कर्ज कसं फेडतं त्याच्या नोंदीत दिसतं, तो ३०० ते ९०० मधला आकडा पुढे शैक्षणिक कर्जाला, गाडीला, घराला, प्रत्येक ठिकाणी समोर येतो. बाबांच्या वहीतली उधारी ते सणाला माफही करतात, इथे सणाला उलट लिमिट वाढवून देतात. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे अशा अ‍ॅपवरच्या कर्जात एकूण वार्षिक खर्च किती ते एका साध्या कागदावर आधी दाखवावंच लागतं, तो कागद शोधून वाच. आणि या महिन्याच्या आठ हजारातून आधी ते साडेचार हजार भर, मग उरेल त्यात महिना काढ. मेसची फी वेगळी असेल तर घरी सांग. हो, सांग. आईने ६४९ चं सीरम घेतल्याचं तुला हसत सांगितलं ना? तू तिला तुझं सांगितलंस तर फार तर दोन दिवस बोलेल. बाबा चार दिवस बोलतील. व्याज त्याच्यापेक्षा जास्त दिवस बोलतं.

रात्री बाराचं खरेदीचं म्हणशील तर मी काही संयमाबिंयमाचे उपदेश करणार नाही, माझा स्वतःचाच नाही. गेल्या वर्षी मी एक पोळ्या गरम ठेवायचा इलेक्ट्रिक डबा घेतला, घरात माणसं दोन, पोळ्या चार, डबा माळ्यावर. त्यामुळे संयम वगैरे सोड, वाटेत खड्डे करून ठेव. फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन खरेदीच्या सगळ्या अ‍ॅपचं नोटिफिकेशन बंद, अ‍ॅपच्या आतून नाही, फोनमधून. यूपीआयच्या अ‍ॅपमध्ये ऑटोपे, म्हणजे आपोआप पैसे कापायची परवानगी दिलेल्यांचा, एक कोपरा असतो तो एकदा उघड, तिथे तुला विसरलेले दोन-तीन पाहुणे महिन्याच्या महिन्याला जेवून जाताना सापडतील, त्यांना तिथूनच निरोप दे. सेव्ह केलेलं कार्ड काढून टाक, नंबर टाईप करायचा कंटाळा हा फार भरवशाचा मित्र आहे. आणि हवी ती वस्तू कार्टमध्ये खुशाल टाक पण पैसे सकाळी दात घासल्यावर भर. निम्म्या वस्तू सकाळी ओळखू पण येत नाहीत. इन्फ्लुएन्सर लोकांचं तर तुला मी काय सांगणार, पैसे घेऊन कौतुक केलं असेल तर तसं स्पष्ट सांगायचं बंधन आहे, पण ते 'अ‍ॅड' कुठल्या कोपऱ्यात किती बारीक लिहितात हे तूच मला शिकवशील.

वस्तू दहा मिनिटांत येते म्हणून आपण जास्त घेतो असं मला वाटतं, आणि ते मला आईमुळे वाटतं. आई डोंबिवलीला मुंबई ग्राहक पंचायतीची सभासद होती. बिंदुमाधव जोशींनी पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली १९७४ मध्ये, पुढच्या वर्षी मुंबईत. शेजारपाजारची घरं मिळून संघ करायचा, पुढच्या महिन्याला काय काय लागणार त्याची यादी आधी भरून द्यायची, पंचायत घाऊक माल आणायची आणि महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी तो वाटला जायचा. जाहिरात नाही, चकचकीत वेष्टन नाही. आमच्या हॉलमध्ये त्या दिवशी पाय ठेवायला जागा नसायची, बायका पिशव्या मोजतायत, कुणाचं साबण कमी भरलंय म्हणून गलका. मला त्याचा भयंकर राग यायचा कारण एकदा यादीत चुकून मुगाची डाळ दुप्पट लिहिली गेली आणि आम्ही दोन महिने मुगाचं वरण खाल्लं. पण आता कळतं, महिनाभर आधी यादी लिहायची म्हणजे 'मला खरंच काय लागतं' हा प्रश्न कागदावर सोडवावा लागायचा. ते दिवस परत येणार नाहीत, आणि मला ते यायलाही नको आहेत, मुगाची डाळ पुरे झाली. तू मात्र एक महिना तसं करून बघ, पहिल्या तारखेला यादी, आणि महिन्याअखेरीला त्या यादीबाहेरचं काय काय आलं ते लिही. कॉलेजला प्रोजेक्ट द्यायचा असेलच, विषय मिळाला.

बाबांचं राहिलं. ते म्हणाले ते रागाने म्हणाले, पण चुकीचं नाही म्हणाले, तालुक्याच्या गावात पार्सलवाला आता रोज येतो आणि तो त्यांच्याच दारावरून जातो. त्यांना तुझी शिकलेली गोष्ट कामाला येईल असं कधी वाटलं नसेल कारण तू ती कधी त्यांच्या दुकानात वापरलीच नाहीस. दिवाळीला घरी जाशील तेव्हा एक कर. आता पाकिटबंद मालावर एमआरपीच्या जोडीला ग्रॅममागे किंवा किलोमागे भाव छापायचा नियम आलाय, तो इतक्या बारीक अक्षरात असतो की तुमच्या गिऱ्हाइकांपैकी निम्म्यांना चष्म्यातून पण दिसणार नाही. पाच रुपयाचा बिस्किटाचा पुडा पाचच रुपयाला राहिला आणि आतली बिस्किटं कमी होत गेली, हे त्या भावावरून कळतं. तू वीस-पंचवीस रोजच्या वस्तूंचे असे भाव मोठ्या अक्षरात लिहून पाटी लाव. शेजारी बाबांचा सुटा माल, त्याचाही भाव. बाबा म्हणतील असं लिहिलं तर महागडी पाकिटं कोण घेणार, कमिशन जाईल. होईल तसं थोडं. पण अ‍ॅपवाला हे कधी मोठ्या अक्षरात लिहिणार नाही, आणि गावातल्या बायका पाटी बघून दहा जणींना सांगतील. आणि ते विकणं गल्ल्यावर बसून मोठ्यांदा म्हणता येण्यासारखं आहे.

एक विसरले. तुमच्या अ‍ॅपमधून बाहेर पडायचं बटण कुठे आहे ते बघ जरा. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात असं लिहिलंय की संमती देणं जितकं सोपं तितकंच ती काढून घेणंही सोपं हवं. तुमच्याकडे हो म्हणायला एक टिचकी आणि नको म्हणायला ईमेल, असं काही असेल तर तेही सिनियरला दाखवायच्या यादीत टाक. आणि कधी तू स्वतः गिऱ्हाईक म्हणून अडकलीस तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे, हॉस्टेलच्या नोटीस बोर्डवर लिहून टाक, तुझ्यासारख्या आणखी दहा निघतील.

आणि हो, आईचं सीरम. उघडलं नसेल आणि परत करायची मुदत असेल तर तिला फोन करून परत करायला लाव, पैसे तिचे आहेत. करताना ती म्हणेल की इथे पण काहीतरी विचित्र लिहिलंय गं, तर तिच्याकडून ते नीट वाचून घे. तुमच्याच ऑफिसात तुझ्या शेजारी बसणाऱ्या कुणीतरी लिहिलेलं असणार.

तुझी,
ताई